जुन्या वस्तीचा पुनर्विकास: राहणारी माणसं तिथंच टिकतील असा प्रकल्प कसा बांधायचा

ठाण्यात किसननगर, वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, राबोडी, कळवा, मुंब्रा या भागांत चाळी, बैठी घरं आणि परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. जिना अडीच फुटी, गल्लीत अग्निशमन दलाची गाडी वळत नाही, गच्चीवर टाक्यांची गर्दी. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला लकी कंपाऊंडची इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हापासून ‘इथं काहीतरी करायलाच हवं’ यावर ठाण्यात कुणाचं दुमत नाही. २०२३ मध्ये किसननगरच्या क्लस्टरचं, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्रित पुनर्विकासाचं, भूमिपूजनही झालं.

क्लस्टर असो, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) असो की सोसायटीचा साधा पुनर्विकास, गणित एकच असतं. जुन्या रहिवाशांना मोफत घर, त्याचा खर्च विक्रीच्या फ्लॅटमधून, म्हणजे एकाच आवारात रिक्षाचालक आणि आयटीतला नोकरदार. कागदावर हे छान दिसतं. चावी मिळाल्यावर चार-पाच वर्षांनी मात्र निम्मे जुने चेहरे दिसेनासे झालेले असतात, कारण त्यांना घर परवडेनासं होतं. वाटाघाटीत सगळा जोर ‘किती चौरस फूट’ यावर जातो आणि ‘महिन्याला किती रुपये’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. पुढची सगळी मांडणी या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

आधी जमीन कुणाची ते काढा

बिल्डर, सल्लागार, बॅनर हे सगळं नंतर. तलाठी कार्यालयातून सातबारा आणि नगर भूमापनकडून मालमत्ता पत्रक काढा. महापालिकेच्या शहर विकास विभागाकडून विकास योजनेचा अभिप्राय घ्या, त्यात आरक्षण आणि रस्तारुंदी कळते. खाडीकाठची वस्ती असेल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा तपासा. येऊरच्या पायथ्याकडच्या जमिनींच्या सातबाऱ्यावर वनाची नोंद आहे का ते इतर हक्काच्या रकान्यात डोळ्यांत तेल घालून बघा. ती नोंद असली की बाकीच्या शंभर कागदांना अर्थ उरत नाही, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येते.

मालकीवर मार्ग ठरतो. नोंदणीकृत सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश लागू होतात. घोषित झोपडपट्टीला झोपुचा मार्ग. अधिकृत, अनधिकृत आणि झोपड्या अशी सरमिसळ असेल तर क्लस्टर. खाडीपलीकडे नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींचं वेगळंच प्रकरण: तिथं जमीन भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे सिडकोच्या ना-हरकतीशिवाय पान हलत नाही. एमआयडीसीच्या जमिनीवर, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, तोच मान एमआयडीसीचा.

इमारत धोकादायक असेल तर आणखी एक काम तातडीचं. महापालिका इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. नोटीस आली की पावसाच्या तोंडावर पोलीस बंदोबस्तात घरं रिकामी होतात आणि त्या गडबडीत कोण कुठं किती जागेत राहत होता याचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून बाहेर पडण्याआधी प्रभाग समितीकडून प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि भोगवटादाराच्या नावाचा दाखला घ्या. हा एक कागद पुढे वकिलाच्या दहा नोटिसांपेक्षा उपयोगी पडतो.

यादी: सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात निर्णायक काम

सरकारी पात्रता यादी नंतर येईल. त्याआधी वस्तीने स्वतःची यादी करावी, कारण सरकारी सर्वेक्षणाच्या दिवशी जो कामावर असतो तो ‘घर बंद’ म्हणून लिहिला जातो.

दारांवर रंगाने क्रमांक टाका. प्रत्येक गल्लीला दोघं, त्यातली एक बाई. तीन फेऱ्या: एक दिवसा, एक रात्री आठ ते दहा, एक रविवारी. दर खोलीसाठी लिहायचं ते हे: मालक कोण, प्रत्यक्ष राहतं कोण, भाडेकरू असेल तर किती वर्षं, माणसं किती, त्यात म्हातारी-अपंग किती, घरातून काय धंदा चालतो, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, कर आकारणीची पावती, सर्वांत जुना पुरावा कोणत्या सालचा. झोपुमध्ये १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर मिळतं आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून, त्यामुळे साल महत्त्वाचं.

मोजमाप लेझर मीटरने, प्लास्टर ते प्लास्टर, मोरीसकट. पोटमाळा वेगळा लिहा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. हा आकडा यादीच्या डोक्यावरच लिहून ठेवा, कारण बिल्डर मीटरमध्ये बोलतो, रहिवासी फुटांत ऐकतो आणि मधल्या मध्ये ‘कार्पेट’चं (भिंतींच्या आतल्या जागेचं) ‘बिल्टअप’ (भिंतींसकट) होऊन जातं.

तयार यादी फळ्यावर पंधरा दिवस लावा. हरकती लेखी घ्या, निकालही लेखी द्या. भांडणं ठरलेली असतात. वडील वारले आणि चार भावांपैकी एकच राहतो, तिथं वारस दाखल्याचं काम आजच सुरू करा, कारण त्याला महिने लागतात. एकाच नावावर दोन खोल्या, जिन्याखालच्या जागेची ‘खोली’, रातोरात घातलेली भिंत, ही नावं यादीत घुसली की खऱ्यांच्या वाट्यातून जागा जाते. नवरा-बायको दोघांचं नाव सुरुवातीपासून घाला. नंतर घालू म्हणून ठेवलं की ते राहूनच जातं.

भाडेकरूंचं काय करायचं? बहुतेक योजनांत त्यांना काहीच मिळत नाही, आणि अनधिकृत इमारतींत तर कित्येक खोल्या भाड्यानेच दिलेल्या असतात. कायदा हात देत नाही, पण वाटाघाटीत मागता येतं: विक्री भागातली काही लहान घरं संस्थेच्या मालकीची ठेवून जुन्या भाडेकरूंना ठरलेल्या भाड्याने द्यायची. आमच्या मते ही मागणी सोडू नये. धुणीभांडी करणारी, दुकानात राबणारी माणसं यांतलीच असतात. ती दिव्याला किंवा टिटवाळ्याला गेली की वस्तीची अर्धी कमाई त्यांच्याबरोबर जाते.

फुटांचं गणित आणि रुपयांचं गणित

एक काल्पनिक वस्ती घेऊ. जमीन १०,००० चौरस मीटर, कुटुंबं ४००, एफएसआय ४ (म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम). खालचे दर आम्ही गृहीत धरले आहेत. आपल्या भागाचे ताजे दर घालून हिशेब पुन्हा मांडा.

एकूण बांधकाम ४०,००० चौरस मीटर. ४०० घरं, प्रत्येकी ३० चौरस मीटर कार्पेट, म्हणजे १२,०००. भिंती, जिने, मार्गिका धरून साधारण १६,२००. दुकानांसह १७,००० धरा. विक्रीला उरले २३,०००, त्यातलं कार्पेट सुमारे १७,००० चौरस मीटर, म्हणजे १.८३ लाख चौरस फूट. फुटाला १२,००० रुपये भाव आला तर सुमारे २२० कोटी.

खर्च: बांधकाम ३५,००० रुपये मीटरने १४० कोटी. बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याचं भाडं ४०० कुटुंबांना महिना १५,००० प्रमाणे ६० लाख, तीन वर्षांत २१.६० कोटी. उरलेल्या ५८ कोटींत अधिमूल्य (जादा एफएसआयसाठी भरायचे पैसे), परवानग्या, व्याज, विक्रीखर्च आणि नफा. प्रकल्प दोन वर्षं लांबला की भाड्याचेच आणखी १४.४० कोटी. बिल्डर भाडं थांबवतो तेव्हा त्यामागे लबाडी असतेच असं नाही. पुष्कळदा हा आकडा त्याने धरलेलाच नसतो. सभेत ‘सगळ्यात जास्त देणारा’ निवडला जातो, आणि सगळ्यात जास्त देणाऱ्याकडेच हा उशिराचा पैसा शिल्लक नसतो.

आता खरी गोष्ट. सभेत कुणीतरी उठून म्हणतं, ‘अजून पन्नास फूट पाहिजेत.’ ४०० घरांना ५० फूट म्हणजे २०,००० चौरस फूट विक्रीतून गेले, म्हणजे २४ कोटी. दर कुटुंबामागे सहा लाख. एवढी ताकद लावून मिळवलेले ते पन्नास फूट पुढे कशाने हातचे जातात ते बघू.

देखभालीचा महिन्याचा खर्च

पुनर्वसनाची एक इमारत, १५ मजले, १२० घरं. महिन्याचा अंदाज: दोन लिफ्टचा देखभाल करार १६,०००, लिफ्ट, पंप, दिवे यांची वीज ४५,०००, चार रखवालदार ७२,०००, तीन सफाई कामगार ४२,०००, पाणीपट्टी २४,०००, अग्निशमन पंप आणि जनरेटर १०,०००, सांडपाणी प्रक्रियेतला वाटा २०,०००, हिशेबनीस १५,०००. बेरीज २,४४,०००. घरटी २,०३३ रुपये.

एवढ्यावर थांबत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमवावा लागतो. घराचा बांधकाम खर्च १५ लाख धरला तर दोन्ही मिळून महिना १,२५०. एकूण ३,२८३, शिवाय मालमत्ता कर. चाळीत हाच माणूस पाणी आणि सफाई धरून चारपाचशे देत होता. आधी दुरुस्ती निधी बंद होतो, मग लिफ्टचा करार, मग एक लिफ्ट कायमची बंद. बाराव्या मजल्यावरची आजी घरात अडकते आणि घर विकायची बोलणी सुरू होतात.

झोपु योजनेत बरीच वर्षं घरटी ४०,००० रुपयांचा देखभाल निधी द्यायची पद्धत होती. १२० घरांचे ४८ लाख; सात टक्के व्याजाने महिन्याला २८,०००, म्हणजे घरटी २३३ रुपये. चहापाण्याचे.

३,२८३ पैकी १,२०० रुपये कायम व्याजातून भागवायचे तर घरटी सुमारे २,०६,००० रुपयांचा निधी लागतो. १२,००० च्या भावाने ते झाले सतरा चौरस फूट. पन्नास फुटांऐवजी सतरा फुटांचे पैसे निधीत घ्या, तेहतीस फूट घरात घ्या. सभेत फळ्यावर लिहून दाखवा. तोंडी सांगितलं तर ‘आमचे फूट कापताय’ एवढंच ऐकू जातं. महागाई व्याज खात जाते, म्हणून पहिली तीन वर्षं, घराची डागडुजी कमी असते तोवर, व्याजातला काही भाग मुद्दलातच टाका. निधीचं खातं मुदत ठेवीचं असावं आणि मुद्दल सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय हलू नये.

दुसरा आधार दुकानांचा. रस्त्याकडची चार दुकानं संस्थेच्या मालकीची मागा. प्रत्येकी २५,००० भाडं आलं तर महिना एक लाख, घरटी ८३३ रुपये. तिसरा आधार गच्चीवरचं सौर: एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट मिळतात. ३० किलोवॅटला ३०० चौरस मीटर, महिन्याला ३,६०० युनिट. टाक्या आणि लिफ्टची खोली गच्ची कशी खातात ते नकाशातच बघून घ्या.

आणि मीटर वेगळे. विक्रीच्या इमारतीचं क्लबहाऊस, जिम, यांत्रिक पार्किंग यांचा वीज मीटर आणि हिशेब पूर्ण वेगळा राहील, असं करारात लिहून घ्या. हे एक वाक्य विसरलं तर जिमच्या एसीचं बिल रिक्षाचालकाच्या पावतीवर येतं.

आराखडा: सरमिसळ कुठं, वेगळेपण कुठं

सोयीचा नकाशा ठरलेला असतो. विक्रीचे टॉवर रस्त्याकडे, पुनर्वसनाची इमारत नाल्याकडे, मध्ये भिंत, दोन गेट. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या जवळ उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. क्षयरोगाशी त्याचा संबंध तिथल्या अभ्यासातून समोर आला आहे. म्हणून वास्तुविशारदाकडून २१ डिसेंबरचा सूर्यप्रकाशाचा नकाशा मागा आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर निदान दोन तास ऊन येतं का ते विचारा. सॉफ्टवेअरमध्ये हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

चाळीस लाखांचं आणि दीड कोटीचं घर एकाच लिफ्टमध्ये आणायचा हट्ट नको. तिथं देखभालीच्या अपेक्षाच जुळत नाहीत आणि पहिल्या सभेत खडाजंगी होते. पण विक्रीतली लहान घरं, वन-बीएचके, पुनर्वसनाच्या इमारतीत मिसळायला काहीच अडचण नाही. मोठी घरं वेगळ्या इमारतीत, पण गेट एक, बाग एक, मुलांचं मैदान एक. प्रत्येक इमारतीची संस्था वेगळी आणि सामाईक गोष्टींसाठी वर एक शिखर संस्था, तिच्यात मतं घरटी असावीत. क्षेत्रफळावर मतं ठेवली की पुनर्वसनाचे ४०० एका बाजूला हरतच राहतात.

४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात विकास नियंत्रण नियमावलीनुसार २० टक्के वाटा लहान घरांसाठी ठेवावा लागतो, ती घरं म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत येतात. आपल्या शेजारच्या भूखंडाचे अचानक ३,९०० मीटरचे तुकडे पडले असतील तर का ते आता कळलं असेल.

नकाशा समजून घ्यायची सर्वांत चांगली रीत खडूची. मंडळाच्या मैदानात नवं घर खऱ्या मापात आखा. पलंग, कपाट, फ्रिज यांच्या मापाचे पुठ्ठे ठेवा आणि बायकांना आत फिरू द्या. ओट्याखाली दोन सिलिंडर बसत नाहीत, दार उघडलं की कपाट अडतं, वॉशिंग मशिनला नळ नाही, या चुका तिथं दहा मिनिटांत सापडतात. त्या संगणकावरच्या रंगीत चित्रात कधीच दिसत नाहीत.

दुकानदारांशी वेगळी बैठक घ्या. सह्या न करणाऱ्यांत तेच जास्त असतात आणि त्यांचं कारण रास्त असतं: तीन वर्षं गिऱ्हाईक तुटलं तर घराचं भाडं घेऊन काय करणार? बांधकामाच्या काळात त्याच रस्त्यावर पत्र्याचे गाळे मिळावेत आणि नव्या इमारतीत दुकानांची तोंडं रस्त्याकडेच राहावीत, आतल्या ‘आर्केड’मध्ये नाही.

कागद आणि क्रम

सोसायटीच्या मार्गात पुनर्विकासाच्या विशेष सभेची नोटीस १४ दिवस आधी, गणपूर्ती दोन-तृतीयांश, होकार एकूण सभासदांच्या ५१ टक्के, चित्रीकरण सक्तीचं आणि विकसक निवडीच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर. प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी मागा आणि ती मिळाल्याशिवाय घर सोडू नका. महारेराचं खातं (खरेदीदारांचे पैसे वेगळे ठेवायचं) मुळात फ्लॅट विकत घेणाऱ्याचं रक्षण करतं; जुन्या रहिवाशाची भिस्त बँक हमीवरच.

दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा आणि तिसऱ्याचे पुढच्या तारखांचे धनादेश, हा मुंबईच्या झोपु प्राधिकरणाचा २०२३ पासूनचा नियम आहे. तुमच्या मार्गाला तो लागू नसेल तरी करारात तसाच उचला. आपल्या उदाहरणात ते १४.४० कोटी होतात. जो आज ते भरू शकत नाही तो उद्या इमारतही पूर्ण करू शकत नाही.

प्रत्येकाचा कायम पर्यायी जागेचा करार नोंदवलेला हवा. विकास करारावर मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर सभासदाच्या या करारावर पुन्हा तेच शुल्क लावता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. जादा जागा विकत घेतली तर तेवढ्याचं भरावं लागतं.

क्रम असा बांधा की पुनर्वसनाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला) मिळेपर्यंत विक्रीच्या शेवटच्या टॉवरचं मिळणार नाही. वस्ती एकदम रिकामी करू नका. सर्वांत कमी कुटुंबं असलेला आणि सर्वांत मोकळा कोपरा आधी, तिथली इमारत उभी राहिली की पुढच्या गल्लीतले लोक थेट त्यात. त्यामुळे भाड्याचा बोजा कमी होतो आणि मुलांची शाळाही सुटत नाही. बाहेर राहायला गेलेल्यांचे नवे पत्ते आणि फोन दर तीन महिन्यांनी यादीत बदला. मतदार यादी आणि रेशनकार्ड जुन्या पत्त्यावरच राहू द्या.

ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात, लेझर मीटर खिशात. मोजा, मोरीत बादलीभर पाणी ओतून उतार बघा, प्रत्येक नळ एकदम उघडून वरच्या मजल्यावर दाब येतो का बघा, लिफ्टच्या परवान्याची तारीख वाचा. त्रुटींची यादी दोन प्रतींत, सही-तारखेसह. पहिल्या वर्षाच्या सर्वसाधारण सभेत देखभालीची पावती ओळीओळीने वाचून दाखवा, आणि कुणाचे सलग तीन महिने थकले की नोटीस काढण्याआधी त्या घरी जाऊन या.